काय झालं ते नंतर, आधी कुणाचं ते सांगा

पोस्ट मोठी आहे, निवांत असाल तरच वाचा. आणि अर्धी वाचून शिव्या देऊ नका, पूर्ण वाचून द्या.

7 ऑक्टोबर 2025, मंगळवार. त्याआधीच्या पंधरा दिवसांत पावसानं आपल्या भागाचं काय करून ठेवलं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सिंदफणेच्या काठची रानं खरडून गेली होती, सोयाबीनला उभ्या झाडावर कोंब फुटले होते. त्या दिवशी सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पंधरा मिनिटांच्या आत आपल्या गावच्या ग्रुपवर पहिली पोस्ट पडली, 'ऐतिहासिक निर्णय', खाली साहेबांचा फोटो. त्याच्याखाली दुसरी, 'शेतकऱ्याच्या तोंडाला पानं पुसली', खाली दुसऱ्या साहेबांचा फोटो.

मी आपला साधा प्रश्न टाकला. म्हणलं, बाबांनो, कोरडवाहूला हेक्टरी किती बसतेत?

कुणालाच माहीत नव्हतं. 'ऐतिहासिक' वाला म्हणला, "बघून सांगतो, पण हाय चांगलंच." दुसरा म्हणला, "कितीबी असू दे, फसवणूकच हाय." दुसऱ्या दिवशी कळलं की रब्बीच्या बियाण्याचे 10,000 धरून कोरडवाहूला हेक्टरी 18,500. आता हा आकडा थोडा की बरा, यावर दोघांनाही बोलता आलं असतं. एकरी खर्च किती आला, गेलं किती, मिळणार किती, हिशोब काही अवघड नव्हता. दोघंही शेतकरीच. पण आकडा आल्यावर कुणाचंच मत तसूभर हाललं नाही. हाललं एवढंच की दोघांनीही मला वेगवेगळा फोन करून विचारलं, "तू कुणाकडून बोलायलास?"

या एका प्रश्नावर ही सगळी पोस्ट आहे.

आधी माझं सांगतो. मीही बारा वर्षं एका गटात होतो. गाड्या केल्या, झेंडे बांधले, बूथवर दिवसभर उपाशी बसलो. कोणता गट ते सांगत नाही, कारण सांगितलं की पुढचं तुम्ही वाचणारच नाही. अर्धे म्हणतील हा आपला, अर्धे म्हणतील हा त्यांचा, आणि लिहिलंय काय ते तसंच राहील.

1960 साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या चार अभ्यासकांनी 'द अमेरिकन व्होटर' नावाचं पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस आधी विचार करून मग पक्ष निवडतो ही आपली समजूत बऱ्याच अंशी उलटी आहे. पक्ष बहुतेकदा घरातून येतो, आई-बापाकडून, कुळधर्मासारखा. मग माणूस त्या पक्षाच्या चाळणीतून जग बघतो, जे आपल्या पक्षाला सोयीचं ते खाली उतरतं, बाकीचं वर राहतं. 2003 साली जेफ्री कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तर पोरांवर प्रयोगच केला. सरकारी मदतीची एक योजना दाखवायची आणि ती अमक्या पक्षानं मांडली असं सांगायचं. ज्या पक्षाचं नाव सांगितलं त्या पक्षाच्या पोरांना ती योजना पटायची, मग योजनेत लिहिलेलं त्यांच्या नेहमीच्या विचाराच्या उलट का असंना. आणि विचारलं तर म्हणायची, नाही नाही, आम्ही योजना वाचूनच मत दिलं. आपल्या ग्रुपवरचे दोघं त्या प्रयोगात बसवले असते तर निकाल वेगळा आला नसता.

पण आपल्याकडं एक मोठा फरक आहे, आणि मला त्यावरच बोलायचंय. तिकडं पक्ष जागेवर राहतो, नेते येतात जातात. आपल्याकडं नेता जागेवर राहतो आणि पक्ष येतो जातो.

बीड जिल्ह्याचाच इतिहास बघा. हा जिल्हा जन्मापासून एका रंगाचा आहे असं आजच्या पोरांना वाटतं. 1967 ला या मतदारसंघानं क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं. माणूस साताऱ्याकडचा, पक्ष कम्युनिस्ट. 1977 ला गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी कम्युनिस्ट. म्हणजे दोनदा लाल बावट्याचा खासदार. 1980, 1984, 1991 ला केशरबाई क्षीरसागर काँग्रेसच्या हातावर, मधे 1989 ला बबनराव ढाकणे जनता दलाच्या चक्रावर. 1996 ला रजनीताई पाटील कमळावर, त्या नंतर काँग्रेसमध्ये गेल्या. 1998 आणि 1999 ला जयसिंगराव गायकवाड कमळावर, 2004 ला तेच जयसिंगराव घड्याळावर. तरी निवडून आले!

आपल्या माजलगाव मतदारसंघाचं तेच. 2004 ला प्रकाशदादा सोळंके कमळावर, 2009 ला घड्याळावर. 2014 ला आर. टी. देशमुख कमळावर. 2019 ला परत प्रकाशदादा घड्याळावर, तेव्हा कमळाच्या विरोधात. 2024 ला परत घड्याळावर, पण या वेळी कमळ बाजूला बसलेलं. चिन्ह तेच, माणूस तोच, शत्रूचा मित्र झालेला. आष्टीकडं सुरेश धस कमळ, मग घड्याळ, मग परत कमळ. केजला 2019 च्या सप्टेंबरात शरद पवारांनी बीडला येऊन नमिता मुंदडांचं नाव जाहीर केलं आणि महिना सरायच्या आत त्या भाजपमध्ये गेल्या, निवडूनही आल्या. 2017 ला जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीचे सदस्य जास्त, पण धसांचा गट फुटला आणि अध्यक्षपद भाजपकडं.

यात कुणा एकाला नावं ठेवायची नाहीत मला. राजकारण आहे, ज्याची त्याची गणितं असतात. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. नेता हिकडून तिकडं गेला की त्याच्या मागच्या माणसाचं मत एका रात्रीत कसं काय फिरतं? काल ज्या पक्षाचं नाव काढलं की थुंकायचा, आज त्याचाच गमजा गळ्यात. आणि त्याला यात काही वावगंही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तो कुठं गेलेलाच नसतो. तो आहे तिथंच आहे, साहेबांपाशी. पक्ष त्याच्या पायाखालून सरकला, एवढंच.

आता आकड्यांवर येतो. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा बेरीज-वजाबाकी करून बघितली.

2019 च्या लोकसभेला प्रीतमताई मुंडेंना पडलेली मतं 6,78,175. 2024 ला पंकजाताई मुंडेंना 6,77,397. फरक किती? 778.

पाच वर्षांत काय काय झालं आठवा. कोरोना झाला. दोन पक्ष फुटले. मराठा आंदोलन पेटलं, अंतरवाली सराटीचा लाठीमार झाला, 30 ऑक्टोबर 2023 ला माजलगावात आमदारांचं घर जळालं. सोयाबीन पडलं, दुष्काळ पडला. उमेदवारही बदलला. आणि त्या बाजूच्या मताचा ढीग 778 नं कमी झाला. हो, मला माहीत आहे, सगळे मतदार तेच नसणार. काही गेले असतील, काही नवीन आले असतील, मतदानही वाढलं होतं. पण दोन ढीग शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही. दुसऱ्या बाजूला बजरंग सोनवणे 5,09,807 वरून 6,83,950 वर गेले आणि 6,553 मतांनी निवडून आले. म्हणजे या बाजूचं कुणी फारसं फुटलं नाही, त्या बाजूला जे विखुरलेले होते ते एका ठिकाणी आले. निवडणूक मन वळवून जिंकली गेली नाही, मोळी बांधून जिंकली गेली.

त्यातही एक गंमत. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह शरद पवारांच्या पक्षाला मिळालं फेब्रुवारी 2024 च्या शेवटी. मतदान 13 मे ला. तीन महिनेसुद्धा नाही झाले. आणि त्याच मशीनवर नुसती 'तुतारी' घेऊन उभ्या असलेल्या एका अपक्षाला आपल्या जिल्ह्यात पन्नास हजारांच्या वर मतं पडली. सगळीच चुकून पडली असं मी म्हणत नाही. पण माणूस मशीनवर उमेदवाराचं नाव वाचतो की खूण शोधतो, ते यावरून कळतं.

आता कुणी म्हणेल, लोक अडाणी आहेत म्हणून असं होतं. अजिबात नाही. हे म्हणणारे बहुतेक पुण्यात राहतात.

मुंडे साहेबांच्या मागं ही माणसं का उभी राहिली? आमच्या लहानपणी दिवाळीच्या आगेमागे गावातली निम्मी घरं कुलूपबंद व्हायची. कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथं मुकादम अरे-तुरे करणार, आजारी पडलं तर कुणी विचारणार नाही, पोरांची शाळा बुडणार. नाथ्र्यासारख्या गावातून आलेला, आपल्यातला एक माणूस उपमुख्यमंत्री होतो, कारखानदारांच्या समोर बसून ऊसतोडीच्या दराचं बोलतो, हे त्या माणसांनी डोळ्यांनी बघितलं. ते कमळाला मत देत नव्हते. आपल्याला माणूस म्हणून कुणीतरी मोजलं, त्या मोजण्याला मत देत होते. 3 जून 2014 ला साहेब गेले आणि चार महिन्यांनी पोटनिवडणुकीत प्रीतमताई 6,96,321 मतांनी निवडून आल्या. ते मतदान नव्हतं, सुतक होतं.

तिकडं मराठा पोरांचंही तसंच. चार एकराचं दीड एकर झालं, पोरगं बीएस्सी करून घरी बसलं, लग्न जमत नाही. मातोरीचा एक साधा माणूस उपोषणाला बसतो आणि सरकार त्याच्याकडं चालत येतं. त्या पोरालाही तेव्हाच वाटलं की आपल्याला कुणीतरी मोजलं. दोन्हीकडचं दुखणं खरं आहे, आणि म्हणूनच पकड एवढी घट्ट आहे. सात-बारा दाखवून ती सुटणार नाही.

पण किंमत कोण देतं?

13 मे 2024 ला आपण मतदान केलं तेव्हा माजलगाव धरण मृतसाठ्यात होतं. गावोगाव टँकर चालू. माझ्या ऐकण्यात आलेल्या सभांमध्ये पाण्यावर कुणी दहा मिनिटं बोललं नाही, आणि आपणही कुणाला विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, दोन्हीकडच्यांना माहीत होतं आपली मतं कुठं आहेत. ज्याचं मत ठरलेलं त्याला कोण काय देणार? गिऱ्हाईक बांधलेलं असेल तर दुकानदार भाव कशाला कमी करेल.

निकालाच्या रात्री, 4 जूनला, सगळा जिल्हा जागा होता. कधी हे पुढं, कधी ते पुढं. नंतरच्या दिवसांत जे झालं ते लिहायला हात जड होतो. पराभव सहन झाला नाही म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या लातूरकडच्या तरुण पोरांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. पंकजाताई त्यातल्या घरी गेल्या, असं करू नका म्हणून कळवळून सांगितलं. 12 जुलैला त्या विधान परिषदेवर निवडून आल्या, डिसेंबरात मंत्री झाल्या. चांगलंच झालं. राजकारणातला पराभव तेवढाच असतो, पाच-सहा आठवड्यांचा. त्या पोरांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती निवडणूक नव्हतीच, त्यांची स्वतःचीच हार होती ती.

आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात अमक्याच्या दुकानात जायचं नाही, तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, अशा शपथा घेतलेले व्हिडिओ फिरले. आपल्याकडं शपथ-बिपथ काही झाली नाही. पण खरं सांगतो, मी स्वतः चार महिने वीस वर्षांच्या ओळखीच्या किराणा दुकानात गेलो नाही. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप दुसरीकडं वळायचे. त्या दुकानदारानं माझ्या बापाच्या आजारपणात सहा महिने उधारीवर माल दिलेला. दिवाळीला गेलो तेव्हा तो काही बोलला नाही, नुसतं विचारलं, "साखर किती देऊ?" मला वर बघवेना.

मस्साजोगचंही तेच झालं. 9 डिसेंबर 2024 ला एका सरपंचाचं अपहरण करून खून झाला. खटला कोर्टात आहे, तिथं व्हायचा तो न्याय होईल. मार्चमध्ये फोटो बाहेर आले, 4 मार्चला धनंजय मुंडेंनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मला आठवतं ते त्या पहिल्या आठवड्यातलं. चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न 'कसं झालं' हा नव्हता. 'मारणारे कुणाचे, मरणारा कुणाचा' हा होता. उत्तर मिळाल्यावर मग कुणाला किती हळहळायचं ते ठरत होतं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. फोटो बघितल्यावर मात्र दोन्हीकडची बरीच माणसं गप्प झाली. म्हणजे चाळणीला भोक पडतं कधीतरी. त्यासाठी केवढं बघावं लागलं!

याच्या उलटही उदाहरण आहे, आणि ते लांब शोधायला नको. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. तिथं पॅनल होतं. लोकसभेला एकमेकांचे गळे धरणारे दोघं ग्रामपंचायतीला एका पॅनलमध्ये, आणि सख्खे भाऊ समोरासमोर. का? कारण तिथं नळाला पाणी कधी येतं, रस्त्यात सिमेंट किती आणि वाळू किती, घरकुल कुणाला मिळालं, हे डोळ्याला दिसतं. डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीसाठी साहेबांना विचारावं लागत नाही. दिल्ली-मुंबईचं दिसत नाही, म्हणून आपण आपल्या माणसाच्या डोळ्यांनी बघतो. त्यात तसं चूक काही नाही, सगळ्यांनी सगळं वाचायचं म्हणलं तर रानात कोण जाईल? पण ज्याच्या डोळ्यांनी बघतो तोच 2019 ला एक सांगतो आणि 2024 ला त्याच्या उलट सांगतो, तेव्हा तरी एकदा आपले डोळे चोळून बघावेत.

परळीकडं तर हे फार वाईट झालंय. 2014 आणि 2019 ला बहीण-भाऊ समोरासमोर. त्यापायी सिरसाळ्यापलीकडं सोयरिकी मोडल्या, भावकीत बोलणं बंद झालं. 2024 ला बहीण-भाऊ एका स्टेजवर आले. आनंद आहे. पण खालची भांडणं कुणी मिटवायची? त्यासाठी कुणी स्टेज लावला नाही.

आता शेवटचं, गावातलंच.

मागच्या रब्बीत आमच्या शिवारातला डीपी जळाला. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला पाणी पाहिजे. त्या डीपीवर आम्ही एकतीस शेतकरी, दोन्ही गटांचे. एका गटानं आपल्या साहेबांना फोन लावला, दुसऱ्यानं आपल्या. दोन अर्ज तयार झाले. ह्यांच्या अर्जावर ते सही करीनात, त्यांच्या अर्जावर हे. का तर डीपी आला की श्रेय कुणाचं? माझा चुलतभाऊ, ज्याचा आणि माझा बांध एक, विहीर सामाईक, तो मला म्हणला, "तुमच्या अर्जावर सही केली तर आमच्यात मला काय तोंड राहील?" अकरा दिवस गेले. ज्वारीनं मान टाकली.

बाराव्या दिवशी माझी चुलती, वय सत्तरच्या पुढं, अंगठ्याची बाई, दोन्ही अर्ज घेऊन बसली. म्हणली, "दोन्हीत लिवलंय काय ते वाचून दाखव." वाचून दाखवलं. दोन्हीत तेच. तारीखसुद्धा तीच. म्हातारी म्हणली, "मंग ह्यो फाडा न् त्येच्यावर अंगठा घ्या माझा."

कोणता फाडला ते सांगत नाही. एकतीस सह्या-अंगठे झाले, चुलतभावाची सही माझ्या सहीच्या बरोबर खाली. आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवर ऑफिसात जाऊन अर्ज देऊन आलो. चौथ्या दिवशी डीपी बसला.

संध्याकाळी मोटार चालू करून बांधावर बसलो होतो. मोबाइल वाजला. ग्रुपवर पोस्ट होती, 'मा. साहेबांच्या अथक प्रयत्नांना यश', फोटोसकट. पाच मिनिटांनी दुसरी पडली, फोटो दुसरा, मजकूर तोच. चुलतभाऊ शेजारीच बसला होता. त्यानं दोन्ही वाचल्या, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्हींना अंगठा दाबला.